पांप्लेमूसचे उद्यान आणि मों प्लेझीरचा वाडा

मॉरिशस बेटाच्या उत्तर भागात, पोर्ट लुई शहरापासून सुमारे ११ किलोमीटरांवर पांप्लेमूस नावाचे जुने गाव आहे. या फ्रेंच नावाचा अर्थ पपनस. डच लोकांनी जावा बेटाकडून आणलेली ही झाडे या भागात पुष्कळ होती, त्यावरून गावास हे नाव पडले असे मानतात. मराठीतील ‘पपनस’ आणि फ्रेंचांचे ‘पांप्लेमूस’ हे शब्द कानास एकमेकांचे दूरचे नातलग वाटतात. तेव्हा ज्या गावाचे नाव उच्चारताना कोकणातून आलेल्या मजुराची जीभ प्रथम अडखळली असेल, ते नाव वस्तुतः त्याच्या परसातल्या फळाचेच होते! या गावाची कीर्ती मात्र फळामुळे नसून तेथील सार्वजनिक उद्यानामुळे आहे. सुमारे ३७ हेक्टर, म्हणजे ९० एकरांहून थोडी अधिक जमीन या उद्यानाने व्यापली आहे. दक्षिण गोलार्धातील अतिशय जुन्या वनस्पती-उद्यानांत त्याची गणना होते.

या उद्यानाचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा गव्हर्नरांच्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावांनी भरलेली असतात. ते स्वाभाविक आहे, कारण कागद त्यांनीच लिहून ठेवले. परंतु ज्यांनी जमीन खणली, तळी उपसली आणि रोपांना पाणी घातले, त्यांच्या बाजूने पाहिले असता हाच इतिहास निराळा दिसतो. बाग ‘सार्वजनिक’ म्हणावयाची, तर ती कोणत्या जनांची, आणि केव्हापासून, असा प्रश्न मग उभा राहतो.

आरंभ घरापासून झाला. १७३५ साली माहे द ला बूर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर या बेटावर आला. बेटाचे नाव तेव्हा इल द फ्रान्स असे होते. त्याने पांप्लेमूस येथील ‘मों प्लेझीर’, म्हणजे ‘माझा आनंद’, या नावाची मिळकत विकत घेतली आणि तेथे आपले बिऱ्हाड केले. घराभोवती भाजीपाल्याची बाग केली. हिचा उपयोग केवळ गव्हर्नरसाहेबांच्या ताटापुरता नव्हता. हिंदुस्थानाकडे जाणारी फ्रेंच गलबते पोर्ट लुईच्या बंदरात थांबत. महिनोनमहिने खारवलेल्या मांसावर राहून व्याधिग्रस्त झालेल्या खलाशांना ताजी भाजी द्यावी लागे, ती या बागेतून जाई. ब्राझीलमधून मॅन्योक हे कंद याच गव्हर्नराने बेटावर आणविले. आफ्रिका, मादागास्कर येथून धरून आणलेल्या गुलामांना स्वस्तात जगवावयाचे तर असे कंद हवेच होते. आज मॉरिशसच्या घराघरांत मॅन्योक आवडीने खातात. त्याचा प्रवेश मात्र असा झाला.

ला बूर्दोने गेल्यावर बागेचे दिवस पालटले. रेशमासाठी तुतीची लागवड झाली, ती साधली नाही. पुढे शिरीषाची झाडे लावली गेली. शिरीष आपल्याकडील कवींना फुलाच्या नाजुकपणासाठी प्रिय. येथे मात्र त्याचा कोळसा करून तो बंदुकीच्या दारूत घालावा असा बेत होता, कारण दारूचा सरकारी कारखाना जवळच होता.

बागेस खरे नाव मिळवून दिले ते पिएर प्वाव्र याने. ‘प्वाव्र’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ मिरी, आणि या गृहस्थाचे सारे आयुष्य मसाल्यांच्या मागेच गेले! तरुणपणी समुद्रावर इंग्रजांशी झालेल्या चकमकीत त्याचा हात गेला होता. लवंग आणि जायफळ यांचा मक्ता त्या काळी डचांच्या हाती होता. मोलुक्का बेटांबाहेर एकही जिवंत रोप जाऊ नये यासाठी ते अत्यंत कडक पहारा ठेवीत. १७६७ मध्ये प्वाव्र मॉरिशसचा इंटेंडंट, म्हणजे मुलकी कारभारी, म्हणून आला आणि त्याने गुप्तपणे जहाजे धाडली. १७७० मध्ये व पुन्हा १७७२ मध्ये लवंगेची व जायफळाची रोपे आणि बिया बेटावर पोचल्या. मों प्लेझीरची मिळकत त्याने १७७० मध्ये स्वतः विकत घेतली होती. १७७२ मध्ये बेट सोडताना ती फ्रान्सच्या राजाकडे सोपविली. चोरून आणलेल्या या रोपांबद्दल फ्रेंच ग्रंथकार मोठ्या अभिमानाने लिहितात. डचांनी त्या मक्त्यासाठी मोलुक्कातील लोकांवर केलेले अत्याचार पाहता या चोरीचा फारसा विषाद वाटत नाही हे खरे. तथापि गुलामांच्या हातून मसाल्याचे नवे मळे उठवावे, हाच प्वाव्रचाही हेतू होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच्या मागून १७७५ मध्ये निकोला सेरे याच्याकडे बाग आली, आणि १८१० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ती सांभाळली. पस्तीस वर्षे एकाच कामास वाहिलेला असा माणूस दुर्मिळच. सरकारी पैसा पुरेना तेव्हा त्याने पदरचा पैसा घातला असे सांगतात. १७७८ मध्ये त्याच्या हाती पहिले जायफळ आले. त्याने रोपे करून ती दूरदूरच्या फ्रेंच वसाहतींना वाटली. झांझिबार बेट पुढे लवंगेसाठी जगप्रसिद्ध झाले. तेथील लवंगेचे मूळही मॉरिशस व रेयुनियन या बेटांकडेच जाते. ज्या वर्षी सेरे वारला, त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी बेट जिंकले.

इंग्रजी अमदानीची पहिली काही दशके बागेकडे दुर्लक्ष झाले. वेली माजल्या, वाटा बुजल्या. १८४९ मध्ये जेम्स डंकन हा संचालक झाला आणि सतरा वर्षे त्याने बाग पुन्हा मांडली. आज दिसणारी ताडवर्गीय झाडांची वैभवशाली रांग बरीचशी त्याच्या काळातील आहे. जी इमारत आज मों प्लेझीर म्हणून दाखविली जाते, तीही ला बूर्दोनेची नव्हे. मूळ घर केव्हाच नाहीसे झाले. रुंद ओसऱ्यांचा हा पांढरा वाडा इंग्रजी अमदानीतील आहे. पाहुण्यांना ‘गव्हर्नर येथे राहत असे’ असे सांगण्यात काही वाटाड्ये अजून धन्यता मानतात, म्हणून हा खुलासा अवश्य वाटतो. या जागेवरून मोका पर्वताची ओळ आणि डोक्यावर धोंडा घेतलेले पिएतर बोथ शिखर दिसते, एवढे मात्र ला बूर्दोनेच्या वेळचे आहे.

डंकनच्या आगमनापूर्वीच बेटावर एक मोठा पालट झाला होता. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर कराराने पोर्ट लुईस उतरले. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या वाटेने आली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईच्या बंदरातून आलेल्यांची संख्या त्या मानाने लहान होती. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूंची ती माणसे होती. आजच्या मराठी घराण्यांचे मूळपुरुष ते हेच.

या मजुरांचा आणि बागेचा संबंध उसातून जडला. १८४० नंतरच्या काळात जुन्या जातीच्या उसास रोग लागला, तेव्हा जावा आदी प्रदेशांतून नव्या जाती आणून पांप्लेमूसच्या वाफ्यांत वाढवीत आणि मळेवाल्यांना कांड्या देत. बेटाच्या साखर कारखान्यांचा आरंभही ला बूर्दोनेने याच जिल्ह्यात केला होता. उद्यानाच्या शेजारी बो प्लां येथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साखर कारखाना होता. तो १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ पासून तेथे साखरेचे संग्रहालय आहे. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे दुर्मिळ झाडे, नीट आखलेल्या वाटा, तळ्यातील कमळे. आणि पलीकडे तोडणीचा कोयता, बैलगाडीवर रचलेला ऊस, चरकाची घरघर. एकाच मातीत ही दोन जगे नांदत होती. मधे अंतर थोडेच होते, पण ते ओलांडणे सोपे नव्हते.

ते किती अवघड होते हे १८६७ साली कळून आले. त्या वर्षाचा उल्लेख मॉरिशसच्या इतिहासात मलेरियाच्या साथीसाठी होतो. १८६६ मध्ये आरंभ झालेली ही साथ १८६७ मध्ये शिगेला पोचली आणि त्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. सबंध बेटाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्या आतबाहेर होती, यावरून या संहाराची कल्पना यावी. डास हे या रोगाचे वाहन असल्याचे कोणास ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉस याने तो शोध लावण्यास अजून तीस वर्षांचा अवधी होता. दलदलीतील दूषित हवेमुळे ताप येतो अशी समजूत असल्याने पांप्लेमूसच्या बागेत निलगिरीची रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आली आणि दलदल शोषून घेण्यासाठी ती ठिकठिकाणी लावली गेली. समजूत अर्धवट असली तरी उपाय अगदीच व्यर्थ नव्हता, कारण पाणी आटले की डासांची पैदासही आटते. ज्यांची ऐपत होती ती कुटुंबे किनारा सोडून क्युरपीपच्या थंड पठारावर राहावयास गेली. मळ्यांवरील मजूर मात्र मळ्यांवरच राहिला. करार सोडून तो जाणार कोठे?

आणि याच वर्षी कायदा झाला की, त्याने कोठे जाऊही नये. १८६७ चा ३१ क्रमांकाचा मजूरविषयक कायदा तो हा. करार पुरा करून मोकळा झालेल्या हिंदी माणसास ‘जुना आप्रवासी’ म्हणत. अशा प्रत्येकाने आपल्या छायाचित्रासह तिकीट बाळगावे, शिवाय पोलिसांचा परवाना घ्यावा, आपला धंदा व पत्ता त्यावर नोंदवावा आणि जिल्ह्याबाहेर परवान्याशिवाय जाऊ नये, असा दंडक झाला. कागद जवळ नसलेला माणूस ‘भटक्या’ ठरे, त्यास पकडून तुरुंगात किंवा भटक्यांच्या डेपोत टाकीत. पोलिसांच्या धाडींना ‘भटक्यांची शिकार’ हेच नाव पडले होते.

आता पांप्लेमूसच्या बागेकडे या कायद्याच्या चष्म्यातून पाहावे. उत्तरेकडील रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली होती आणि पांप्लेमूस येथे स्टेशन होते. पोर्ट लुईचे सुखवस्तू लोक रविवारी गाडीत बसून येत, सावलीत फराळ करीत आणि सायंकाळी परत जात. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्कावेलच्या बाजूस राहणारा एखादा जुना मराठी आप्रवासी मनात आणता तर त्यास काय करावे लागले असते? आपला जिल्हा सोडावयाचा, पोर्ट लुई ओलांडावयाचे, पांप्लेमूसच्या हद्दीत शिरावयाचे. तीन जिल्ह्यांच्या या वाटेवर कोणत्याही वळणावर शिपायाने तिकीट मागावे, आणि परवाना नसेल तर झाडांऐवजी कोठडी पाहावयास मिळावी. बागेच्या दारावर हिंदी माणसास मनाई असल्याची पाटी लावण्याचे कारणच नव्हते. ती पाटी त्याच्या खिशातील कागदावर होती.

या जुलमाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तोही पांप्लेमूस जिल्ह्यातूनच, हा योग लक्षणीय आहे. नूव्हेल देकूव्हेर्त येथील मळ्याची व्यवस्था पाहणारा आदोल्फ द प्लेव्हित्स हा युरोपीय गृहस्थ जुन्या आप्रवाशांच्या बाजूने उभा राहिला. १८७१ मध्ये त्याच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या सह्यांचा व खुणांचा अर्ज गव्हर्नराकडे गेला. मळेवाल्यांचा रोष त्याने ओढवून घेतला, पण अर्ज निष्फळ झाला नाही. १८७२ मध्ये फ्रेर आणि विल्यमसन यांचे रॉयल कमिशन बेटावर आले. १८७५ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १८७८ च्या नव्या कायद्याने काही जाच कमी झाले. त्या तिकिटांसाठी काढलेली छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. छळासाठी निघालेला तो कागद आज नातवंडा-पणतवंडांना आपल्या पूर्वजाचा चेहरा दाखवितो.

बागेत १८६१ साली उभारलेला एक स्तंभ आहे. त्यास लिएनार याचे नाव आहे. हा फ्रेंच गृहस्थ हिंदुस्थानात जन्मलेला. बागेचे लोखंडी नक्षीचे पांढरे प्रवेशद्वार ही त्याचीच देणगी. बेटावर उपयुक्त वनस्पती आणणाऱ्यांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत. नावे योग्य माणसांची आहेत यात वाद नाही. मात्र ती झाडे जगविणाऱ्या गुलामांचे किंवा मजुरांचे नाव तेथे शोधू जाता निराशा होईल. हिंदी माणसाने तेथे आपली ओळख शोधावी ती झाडांत. मोठ्या तळ्यात ताटाएवढी नव्हे तर परातीएवढी पाने पसरणारी अमेझॉनची कमळे पाहून प्रवासी थक्क होतात. पण शेजारच्या तळ्यातील साधे कमळ, ज्यास लक्ष्मीचे आसन म्हणतात, ते पाहून म्हाताऱ्या बायका हात जोडतात. येथे पिंपळ आहे, सुपारी आहे, आंबा आहे. श्रीताल वृक्ष आहे, ज्याच्या पानांवर दक्षिण हिंदुस्थानात आणि सिंहलद्वीपात ग्रंथ लिहीत. चाळीस वर्षे वा त्याहून अधिक काळ वाढून तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे धरून मरतो.

हिंदी समाजास बागेची वाट उघडली ती मात्र झाडांमुळे नव्हे, अक्षरांमुळे. मळ्यांवरील वस्त्यांत ‘बैठका’ होत्या. गवताने शाकारलेली एक खोली, कंदिलाचा उजेड, दिवसभर राबून आलेली माणसे आणि त्यांची मुले. तेथे रामायण वाचीत, भजन करीत आणि धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत. दिसावयास ती झोपडी होती, पण हिंदी मॉरिशसची पहिली शाळा तीच. १९४७ च्या नव्या घटनेने, बेटावरील भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांस, मग तो पुरुष असो वा स्त्री, मताचा अधिकार दिला. तत्पूर्वी बासदेव बिसुनदयाल यांनी गावोगाव साक्षरतेची चळवळ चालविलीच होती. परिणाम असा झाला की मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून सुमारे ७२ हजारांवर गेली. ज्यास कालपर्यंत पोलिसांच्या कागदावर अंगठा द्यावा लागे, त्याच्या मुलाने मतदारयादीसाठी आपली सही केली.

१९४८ च्या त्या निवडणुकीत पांप्लेमूस आणि रिव्हिएर द्यु रांपार या उत्तरेकडील मतदारसंघातून निवडून आलेल्यांत डॉ. शिवसागर रामगुलाम होते. त्यांचा जन्म १९०० साली बेल रीव्ह येथे झाला. वडील बिहारमधून कराराने आलेले मजूर. बालपणी मुळाक्षरे गिरविली ती अशाच बैठकेत. पुढे क्युरपीपचे रॉयल कॉलेज आणि लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पंतप्रधान होते, आणि १९८२ पर्यंत त्या पदावर राहिले. अखेरच्या काळात ते गव्हर्नर जनरल होते, आणि १५ डिसेंबर १९८५ रोजी रेद्युई येथील सरकारी प्रासादात त्यांचे निधन झाले.

त्यांचा अंत्यसंस्कार पांप्लेमूसच्या उद्यानात, मों प्लेझीरच्या वाड्यासमोर हिंदू विधीने करण्यात आला. ज्या जागी फ्रेंच गव्हर्नराने आपल्या आनंदासाठी घर बांधले होते, तेथे मजुराच्या मुलाची चिता पेटली. १७३५ नव्हे, १८६७ देखील नव्हे, तर या घटनेनेच बाग खऱ्या अर्थी सार्वजनिक झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. कारण त्या दिवशी आत येणाऱ्या लोकांस कोणाचाही परवाना लागला नाही. त्या स्थळी आता त्यांची समाधी आहे. १९८८ मध्ये उद्यानास ‘सर शिवसागर रामगुलाम वनस्पती उद्यान’ असे नाव देण्यात आले.

आतील वाटांना मात्र प्वाव्र, सेरे, ला बूर्दोने ही नावे पूर्वीप्रमाणेच आहेत आणि ती काढावी असे कोणी म्हणत नाही. रेल्वे गेली, उतारूंची गाडी १९५६ मध्येच बंद झाली. आता लोक बसने येतात. समाधीसमोर क्षणभर चपला काढून उभे राहतात, मग मुलांना अल्दाब्राची कासवे दाखवावयास नेतात, आणि दुपारी एखाद्या जुन्या वृक्षाखाली डब्यातील पुऱ्या व भाजी काढून बसतात. सरकारी नाव लांब असल्याने बोलण्यात कोणी ते पुरे घेत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ‘पांप्लेमूसची बाग’ एवढेच असते.